टर्बाइनचे तास पदरमोड करून घ्यावेत काय?

पुलगावहून आर्वीकडे जाताना लागणारे रोहणा हे वर्धा जिल्ह्यातील कापूस-सोयाबीनचे गाव. अशा गावांच्या आसपास हेलिकॉप्टर उतरते ते बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. शाळेच्या मैदानावर चुन्याने वर्तुळ आखले जाते, मधोमध ‘एच’ काढला जातो, अग्निशामक बंब येऊन उभा राहतो. आणि सभेला जमलेल्यांपैकी निम्मे नेत्यासाठी, तर निम्मे त्या यंत्रासाठी आलेले असतात. त्या गर्दीतील एखाद्या मुलाने ‘हे आपण चालवायचे’ असे मनाशी ठरविले, तर बारावीला पदार्थविज्ञान व गणित, वयाची १८ वर्षे, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी एवढे टप्पे त्याला कोणीही सांगू शकतो. त्यानंतरचा हिशेब मात्र सहसा कोणी सांगत नाही. परवाना हाती आल्यावर नोकरी मिळावी म्हणून आणखी काही लाख रुपये मोजून टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरवरील तास विकत घ्यावेत की नाही, हा त्या हिशेबातील सर्वांत अवघड प्रश्न होय.

प्रश्न समजून घेण्यासाठी दोन इंजिनांतील फरक आधी पाहिला पाहिजे. जगभर हेलिकॉप्टरचे नागरी प्रशिक्षण प्रामुख्याने पिस्टन इंजिनाच्या लहान यंत्रांवर दिले जाते. रॉबिन्सन आर-२२, आर-४४ आणि श्वाइझर ३०० ही त्यांतील प्रसिद्ध नावे. मोटारीच्या इंजिनाशी नाते सांगणारे त्यांचे इंजिन स्वस्त असते व दुरुस्तीलाही तुलनेने सोपे. याउलट व्यवसायात वापरली जाणारी बहुतेक हेलिकॉप्टर टर्बाइनवर चालतात. वजनाच्या मानाने प्रचंड शक्ती देणारे हे इंजिन १९५५ मध्ये फ्रान्सच्या ‘अलुएत-२’ या यंत्रातून प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरात आले. आपल्या सैन्यदलांचे ‘चेतक’ व ‘चीता’ ही त्याच घराण्यातील पुढची पिढी.

टर्बाइन चालविणे मुळात कठीण आहे, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. हवेत असताना टर्बाइन उलट सोपे वाटते. शक्ती भरपूर असते, फेऱ्यांचा वेग यंत्रणा स्वतः राखते, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साठण्याची चिंता नसते. अवघड असतात ते सुरू करतानाचे काही क्षण. बॅटरी अशक्त असेल किंवा वैमानिकाचे लक्ष तापमापकावरून ढळले, तर ज्वलनाचे तापमान आठशे-नऊशे अंश सेल्सिअसची मर्यादा पाहता पाहता ओलांडते आणि लाखो रुपयांचे इंजिन काही सेकंदांत निकामी होते. याखेरीज टॉर्क व तापमान यांच्या मर्यादा सांभाळणे, शक्ती मागितल्यावर ती मिळण्यास लागणारा विलंब ओळखणे, ही कौशल्येही शिकावी लागतात. परंतु चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली ती पाच-दहा तासांत आत्मसात होतात, असे या व्यवसायातील जाणते सांगतात. मग कंपन्या शेकडो तासांचा टर्बाइन अनुभव का मागतात?

याचे उत्तर इंजिनात नसून विमा कंपनीच्या कागदांत आहे. कोट्यवधींच्या यंत्राचा विमा उतरविताना ते कोणाच्या हाती दिले जाणार, त्याचे एकूण तास किती, टर्बाइनवरील किती, त्या विशिष्ट प्रकारावरील किती, हे विमा कंपनी विचारते. खनिज तेल कंपन्यांसारखे बडे ग्राहकही करारातच अशा अटी घालतात. त्यामुळे दीडशे तासांचा नवा वैमानिक कितीही कुशल असला तरी कागदावर तो ‘टर्बाइन शून्य’ असतो. तास नाहीत म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून तास नाहीत, या चक्रातून सुटण्याचा मार्ग म्हणून ‘टर्बाइन पॅकेज’ विकले जाते.

अमेरिकेत हे चक्र फोडण्याची एक जुनी वाट आहे. तेथे व्यावसायिक परवान्यासाठी किमान १५० तास लागतात. परवाना मिळालेला तरुण पुढे प्रशिक्षकाचा परवाना घेतो, त्याच पिस्टन यंत्रावर नवशिक्यांना शिकवितो आणि विद्यार्थ्यांच्या पैशाने आपले तास वाढवितो. हजार तासांच्या आसपास पोहोचला की ग्रँड कॅन्यनवरील पर्यटन उड्डाणे किंवा मेक्सिकोच्या आखातातील तेलफलाटांची वाहतूक करणाऱ्या कंपन्या त्याला घेत आल्या आहेत, आणि टर्बाइनची ओळख त्या स्वतःच्या खर्चाने करून देतात. म्हणजे त्या देशात टर्बाइन तास विकत घेणे ही सक्ती नव्हे. रांगेत पुढे घुसण्याचा तो एक प्रयत्न असतो. शिवाय साडेबारा हजार पौंडांपर्यंतच्या हेलिकॉप्टरसाठी तेथे परवान्यावर वेगळे ‘टाइप रेटिंग’ लागत नाही. त्यामुळे विकत घेतलेले दहा तास लॉगबुकातील एका ओळीपलीकडे परवान्यात काहीच भर घालत नाहीत.

भारतीय विद्यार्थी मात्र त्या वाटेवर बहुधा मध्येच अडतो. व्यवसाय-प्रशिक्षणाच्या ‘एम-१’ व्हिसावर गेलेल्याला अभ्यासक्रमानंतर सरावादाखल काम करण्याची मुभा जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते. एवढ्या मुदतीत हजार तास होत नाहीत. तो दीडशे-दोनशे तास घेऊन मायदेशी परततो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देतो, परवाना भारतीय करून घेतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की ज्या जातीच्या यंत्रावर आपण शिकलो ते येथे व्यवसायात जवळजवळ नाहीच.

खरी मेख येथे आहे. देशभरातील नागरी हेलिकॉप्टरांची संख्याच मुळी काही शेकड्यांत मोजावी एवढी; त्यांत पिस्टनवर चालणारी अगदी थोडी. जुहूहून मुंबई हायकडे जाणारी, केदारनाथला यात्रेकरू नेणारी, उद्योगपती व पुढाऱ्यांना फिरविणारी यंत्रे टर्बाइनचीच असतात. पिस्टनच्या प्रशिक्षण संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्याने प्रशिक्षक होऊन तास वाढविण्याची अमेरिकी शिडी येथे उभीच राहिली नाही. बंगळुरूची ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ची रोटरी विंग अकादमी हे देशातील ठळक नाव. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूर फ्लाइंग क्लब, गोंदियाजवळच्या बिरसीची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था या साऱ्या विमानाच्या शाळा आहेत, हेलिकॉप्टरच्या नव्हेत. नागपूरच्या ‘महाज्योती’ने मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली, तीही नागपूर फ्लाइंग क्लबच्या विमानांवरच. रोहण्याच्या मुलाला विमान शिकायला साठ-सत्तर मैलांत जागा आहे. हेलिकॉप्टरसाठी राज्याबाहेर वा देशाबाहेर पाहावे लागते.

त्याचा स्पर्धकही साधा नाही. भारतातील नागरी हेलिकॉप्टर कंपन्यांचे वैमानिक दीर्घकाळ मुख्यतः सैन्यदलांतून निवृत्त होऊन आलेले आहेत. नाशिक रोडच्या गांधीनगर येथे २००३ पासून लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. तेथील अधिकारी ‘चीता’, ‘चेतक’वर शिकतो, म्हणजे सुरुवातीपासूनच टर्बाइनवर. तो निवृत्त होतो तेव्हा त्याच्या लॉगबुकात हजारो टर्बाइन तास असतात, त्यांतील कित्येक हिमालयातील. आणि त्यांचा खर्च देशाने केलेला असतो. सियाचीनमध्ये उतरलेल्या माणसापुढे फ्लोरिडात विकत घेतलेले पंचवीस तास ठेवून नोकरी मागणे, ही स्पर्धा कोणत्या दर्जाची आहे हे वेगळे सांगावयास नको.

आता पैशाचा हिशेब. परदेशात टर्बाइनचा एक तास पिस्टनच्या तासाच्या साधारण दुप्पट-तिप्पट पडतो. शिक्षक, इंधन, विमा धरून तो एक लाख रुपये मानू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. म्हणजे टर्बाइनचा एक तास सव्वाबारा क्विंटल कापसाच्या मोलाचा. पंचवीस तासांचे पॅकेज घ्यायचे तर तीनशेहून अधिक क्विंटल; कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल धरले तर साठ एकरांचे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी व वेचणीची मजुरी वजा न करता. आणि हमीभावाने विकला गेला तर! आर्वी तालुक्यात साठ एकरांचा धनी किती घरांत सापडेल?

अर्थात कापूस विकून कोणी वैमानिक होत नाही, कर्ज काढतो. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांवरील रकमेला बँक सर्वसाधारणपणे तारण मागते, आणि गावात तारण म्हणजे शेत किंवा घर. पंचवीस लाखांचे जादा कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता तेहतीस हजारांच्या घरात जातो. हा हप्ता मूळ प्रशिक्षणाच्या कर्जावर चढलेला. नोकरी लागली तर तो निघतो. न लागली तर परवाना जिवंत ठेवण्यासाठी उड्डाण करीत राहावे लागते, त्याचा खर्च पुन्हा वेगळा. अभियंता बेकार राहिला तर त्याची पदवी शिळी होत नाही. वैमानिकाचा परवाना मात्र न वापरल्यास गंजतो. घरच्यांना ही गोष्ट बहुधा कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्यानंतर कळते.

आगाऊ पैसे भरण्याचा धोका काय असतो, याचे मोठे उदाहरण अमेरिकेतच घडले. लास व्हेगासची ‘सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स’ ही संस्था गावोगावी मेळावे भरवून तरुणांना हेलिकॉप्टर वैमानिक होण्याचे स्वप्न दाखवीत असे. सुमारे सत्तर हजार डॉलरचे शुल्क, तेही बव्हंशी कर्जाने व आगाऊ. ३ फेब्रुवारी २००८ रोजी संस्थेने अचानक टाळे लावले आणि दिवाळखोरीचा अर्ज केला. अडीच हजारांहून अधिक विद्यार्थी अर्ध्या वाटेवर राहिले. कित्येकांकडे परवाना नव्हता. कर्ज मात्र पूर्ण होते. टर्बाइन पॅकेजचीही विक्री याच रीतीने, एकरकमी आणि आगाऊ, होत असल्याने ही घटना प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी.

तथापि सर्वच ‘विकत घेणे’ एका मापाने मोजता येणार नाही. भारतात प्रत्येक प्रकारचे हेलिकॉप्टर चालविण्यासाठी परवान्यावर त्या प्रकाराची नोंद आवश्यक असते. विमानाच्या बाजूला पाहिले तर नवा वैमानिक एअरबस ए-३२०चे टाइप रेटिंग अनेकदा स्वतःच्या खर्चाने करतो आणि समाजाने ते जवळजवळ मान्यही केले आहे. हेलिकॉप्टरच्या बाबतीत एखादी कंपनी लेखी नियुक्तिपत्र देऊन ‘आमच्या बेल ४०७ची नोंद करून घ्या’ म्हणत असेल, तर तो खर्च नोकरीशी बांधलेला आहे. त्याचा विचार करता येतो. त्याहून चांगले म्हणजे खर्च कंपनीने करावा आणि वैमानिकाने ठरावीक वर्षे सेवेचे हमीपत्र लिहून द्यावे. हमीपत्रातही पिळवणूक होऊ शकते, हे खरे. पण त्यात जोखीम दोघांवर वाटली जाते, आणि आपला पैसा गुंतल्यामुळे कंपनीला माणूस निवडताना विचार करावा लागतो.

नोकरीचे नाव नसताना सुटे दहा-वीस तास घेणे ही दुसरी गोष्ट. प्रस्तुत लेखकाच्या मते यातील पहिल्या पाच तासांपलीकडचा खर्च जवळजवळ वाया जातो. यंत्र सुरू कसे करावे, बंद कसे करावे, तापमान कसे राखावे, एवढी ओळख पाच तासांत होते व मुलाखतीत ती कामीही येते. पाचाचे पंचवीस केल्याने शेकडोंची अट पूर्ण होत नाही. त्याच पैशात पिस्टनवर दुप्पट-तिप्पट तास होतात, आणि उड्डाणाचे मूळ कसब तेथेच पक्के होते. आर-२२ची पाती हलकी असतात. इंजिन बंद पडले तर वैमानिकाला सुमारे सेकंदभरात कृती करावी लागते. अमेरिकेने १९९५ मध्ये या यंत्रासाठी खास प्रशिक्षण नियम केले ते याच कारणाने. अशा यंत्रावर इंजिनाविना उतरण्याचा सराव ज्याने मन लावून केला, त्याचे हात पुढे कोणत्याही यंत्रावर शहाण्यासारखे वागतात.

तिसरा प्रकार मात्र सरळ निषेधार्ह आहे. प्रवासी वा माल नेणाऱ्या उड्डाणात शेजारच्या खुर्चीवर बसण्यासाठी नव्या वैमानिकाकडूनच पैसे घ्यायचे. प्रवासी भाडे देतो, वैमानिकही देतो आणि कंपनी दोघांकडून घेते. यात खुर्चीवर कोण बसणार हे गुणवत्तेने नव्हे तर खिशाने ठरते. जो पैसे देऊन बसला आहे तो ‘आज हवा खराब आहे, जाऊ नये’ असे म्हणण्याची शक्यता किती? सहवैमानिकाचे काम कप्तानाला वेळीच अडविणे हेही असते. ज्याचे तास त्या उड्डाणावरच अवलंबून आहेत, त्याच्या तोंडून ‘नको’ निघणे अवघड.

तास हा शब्दच फसवा आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०११ मध्ये देशात वैमानिकांच्या बनावट गुणपत्रिकांची प्रकरणे उघडकीस आली; न उडता नोंदविलेल्या तासांचीही चौकशी झाली. तास हीच विक्रीची वस्तू झाली की तिच्यात भेसळ होणार, हे दुधाइतकेच साधे सत्य. आणि खरेखुरे तासही सारखे नसतात. गार हवेत, दोन माणसे घेऊन, धावपट्टीच्या बाजूला मारलेला तास आणि वर्ध्याच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, पूर्ण भरलेले यंत्र झाडे-तारांच्या मधून उचलण्याचा तास लॉगबुकात एकाच आकड्याने लिहिला जातो. उष्ण हवा विरळ असते. तीत पाती कमी उचल देतात आणि इंजिनाची शक्तीही घटते. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण घेताच खाली कोसळले. सुदैवाने सर्व जण बचावले. ते यंत्र दोन टर्बाइन इंजिनांचे, सिकोर्स्की एस-७६ जातीचे होते. टर्बाइनवर बसला म्हणजे शक्तीची चिंता मिटली, असे मानणाऱ्यांनी त्या दिवसाची छायाचित्रे पाहावीत.

अनुभवी सैनिकी वैमानिक म्हणजे सुरक्षिततेची हमी, असेही नाही. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे बेल ४०७ गौरीकुंडजवळ कोसळले व सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या एकाच कुटुंबातील आई, वडील व दोन वर्षांची मुलगी होती. वैमानिक लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी होते. डोंगरातील हवा, फेऱ्यांची घाई, एकापाठोपाठ एक उड्डाणांचा ताण यांच्यापुढे तासांचा आकडा एकटा पुरा पडत नाही. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘पवन हंस’चे डॉफिन हेलिकॉप्टर मुंबईजवळच्या समुद्रात रात्रीच्या सरावात कोसळले, त्यात दोघे वैमानिक गेले. कंपनीने स्वतःच्या माणसांना दिलेले प्रशिक्षणही एवढे जोखमीचे असू शकते. मग ज्याला नोकरीच नाही अशा तरुणाला कोणीतरी बाजारात विकलेले प्रशिक्षण कितपत भरवशाचे, याचा विचार व्हावा.

या साऱ्यात एक प्रश्न कंपन्यांनाही विचारला पाहिजे. सैन्यदलांनी घडविलेला वैमानिक आयता मिळतो म्हणून नागरी क्षेत्राने स्वतःची माणसे घडविण्याची व्यवस्था उभारलीच नाही. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले, समुद्रावरील वाहतूक वाढली, १९८५ मध्ये ‘पवन हंस’ स्थापन झाली. तिच्यात ‘ओएनजीसी’चा ४९ टक्के वाटा. चार दशकांनंतरही परवानाधारक मराठी मुलाला पहिली खुर्ची कशी मिळेल याचे ठरलेले उत्तर नाही. बंगळुरूला २०१० पासून ‘हॅट्सऑफ’ ही उच्च दर्जाच्या सिम्युलेटरची सोय आहे. सिम्युलेटरवर इंजिन जळत नाही, माणूस मरत नाही, आणि तापमापक लाल रेषेपलीकडे गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. टर्बाइनची ओळख करून देण्यास याहून स्वस्त व सुरक्षित साधन नाही. अशा तासांना नोकरीच्या अटींत काही वजन दिले, तर शेत गहाण ठेवण्याची वेळ थोड्यांवर तरी कमी येईल. विमा कंपन्यांना ते पटवून देण्याचे काम महासंचालनालय आणि बड्या ग्राहक कंपन्याच करू शकतात. बावीस वर्षांचा मुलगा नाही.

तोवर ज्यांच्या घरी हा विषय निघाला आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. ज्या यंत्रावर तास मिळणार ते यंत्र भारतात कोणत्या कंपन्यांकडे आहे. त्या प्रकाराची नोंद परवान्यावर होणार की नुसती लॉगबुकात. गेल्या दोन वर्षांत हे पॅकेज घेतलेल्यांपैकी किती जण नोकरीला लागले व कोठे. संस्था बंद पडल्यास न उडविलेल्या तासांचे पैसे कोणाकडे मागायचे. आणि हप्त्याहप्त्याने, उडेल तेवढेच पैसे भरता येतील काय. शेवटच्या प्रश्नाला जी संस्था ‘नाही’ म्हणते तिच्या दारातून परत फिरावे. नोकरी लागलेल्यांची नावे सांगितली गेल्यास त्यांतील दोघांना तरी फोन करावा. संकोच वाटतो, पण वैमानिक मंडळी अशा फोनला सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांनाही कोणाला तरी विचारावेच लागलेले असते.

आणि मुलगा अजून दहावीतच असेल, तर छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तेथे अकरावी-बारावीसोबत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेतली जाते. निवड कठीण आहे, पुढे सैन्यदलात वैमानिक म्हणून वर्णी लागेलच असेही नाही. पण त्या वाटेने गेलेला मुलगा टर्बाइनच्या पहिल्या तासाला स्वतःच्या खिशातून एक रुपयाही देत नाही. वर्धा जिल्ह्यातील किती शाळांच्या सूचनाफलकावर त्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात लागते, हे मुख्याध्यापकांनी एकदा पाहावे.